ताटातील आरोग्य : कृतीत आणि संगतीत

बाजारातील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर हल्ली औषधाच्या बाटलीवर शोभावी अशी भाषा आढळते. कोणते दही पचनास उपकारक, कोणते बिस्किट हृदयाला हितकर, तर कोणते पेय रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे. अशा पदार्थांना ‘फंक्शनल फूड’ असे म्हणतात. पोट भरणे व सर्वसाधारण पोषण करणे यापलीकडे जाऊन शरीराच्या एखाद्या कार्यास विशेष साहाय्य करणारे अन्न, असा त्याचा ढोबळ अर्थ. ही संज्ञा १९८० च्या दशकात जपानमध्ये रूढ झाली आणि १९९१ मध्ये त्या देशाने अशा पदार्थांना मान्यता देण्याची स्वतंत्र पद्धत अमलात आणली. भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने या वर्गाची दखल घेतली आणि २०१६ मध्ये त्यासाठी सविस्तर नियम अधिसूचित झाले.

संज्ञा नवी असली तरी असे अन्न मात्र जुनेच आहे. ओडिशातील पखाळ, कर्नाटकातील नाचणीचा मुद्दा, सिक्कीममधील किनेमा, राजस्थानातील बाजरीची राब आणि कोकणातील उकड्या तांदळाची पेज हे पदार्थ कोणत्याही प्रयोगशाळेची वाट न पाहता पिढ्यान्पिढ्या त्या त्या मुलखाच्या ताटात राहिले. त्यांचा अभ्यास करू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांचा गुण एखाद्या चमत्कारी घटकात क्वचितच असतो. तो बहुधा भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, उकडणे अशा कृतींत आणि कशाबरोबर काय खावे या संगतीत असतो. घटक बाजारातून विकत आणता येतो. कृती मात्र घरात चालू ठेवावी लागते, आणि आज अनेक घरांतून नेमकी तीच सुटत चालली आहे.

उकड्या तांदळाचा धडा

कृतीचे महत्त्व किती, हे सांगणारे सर्वांत बोलके उदाहरण तांदळाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियातील भातखाऊ प्रदेशांत ‘बेरीबेरी’ या रोगाने थैमान घातले होते. हातापायांतील शक्ती जाणे, सूज येणे आणि अखेर हृदय निकामी होणे ही त्याची लक्षणे. जावा बेटावर काम करणारे डच वैद्यक ख्रिस्तियान आइकमान यांना असे दिसून आले की, पॉलिश केलेल्या शुभ्र तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखाच विकार होतो आणि तांदळाचा कोंडा खाऊ घातल्यास त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्यातील तो उपकारक घटक म्हणजे आज आपण ज्याला थायमिन किंवा ‘ब१’ जीवनसत्त्व म्हणतो तो होय.

भारतात या रोगाचा नकाशा मोठा विचित्र होता. तत्कालीन मद्रास इलाख्यात भात हेच सर्वत्र मुख्य अन्न. परंतु बेरीबेरीचा जोर होता तो प्रामुख्याने आजच्या आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्याकडील जिल्ह्यांत. इतरत्र भात खाणारी माणसे त्यातून बरीचशी सुटली होती. हा फरक भाताच्या प्रमाणात नसून भात तयार करण्याच्या पद्धतीत होता. रोगग्रस्त भागात गिरणीत सडलेला, न उकडलेला तांदूळ खाल्ला जाई. अन्यत्र उकड्या तांदळाचा प्रघात होता.

उकडा तांदूळ तयार करताना साळी आधी पाण्यात भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि त्यानंतरच सडतात. थायमिन पाण्यात विरघळणारे आहे. भिजवताना व वाफवताना ते बाहेरील आवरणातून दाण्याच्या आतल्या भागात उतरते. त्यामुळे पुढे सडताना कोंडा निघून गेला तरी जीवनसत्त्वाचा मोठा भाग दाण्यात शिल्लक राहतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोव्यातील पेज, केरळातील कंजी आणि तामिळनाडूतील इडली या सर्वांमागे हाच उकडा तांदूळ आहे. ज्यांनी ही पद्धत रूढ केली त्यांना थायमिन ठाऊक नव्हते. उकडलेली साळ सडताना तुकडा कमी पडतो व तांदूळ टिकतो, एवढे मात्र नक्कीच ठाऊक असावे.

बेरीबेरीच्या अभ्यासासाठी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत छोटासा विभाग सुरू केला. तो पुढे वाढत गेला, १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आला आणि १९६९ पासून ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ या नावाने ओळखला जाऊ लागला. देशातील पोषणविषयक संशोधनाच्या या प्रमुख संस्थेचा उगम तांदूळ कसा सडावा या साध्या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आंबवण्याचे शास्त्र

दुसरी महत्त्वाची कृती म्हणजे आंबवणे. इडलीचे पीठ रात्रभर ठेवले असता उडीद व तांदूळ यांवर नैसर्गिकरीत्या असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. त्यांतील ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू वायू निर्माण करतो आणि पीठ फुगते. आम्लामुळे अपायकारक जंतूंना आळा बसतो व पदार्थ पचण्यास हलका होतो. आणखी एक फायदा डोळ्यांना न दिसणारा आहे. धान्ये व कडधान्ये यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोह, जस्त व कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ही खनिजे आतड्यात पुरेशी शोषली जात नाहीत. भिजवणे, मोड आणणे व आंबवणे या तिन्ही कृतींत फायटेटचे विघटन होते आणि अडकलेली खनिजे शरीरास उपलब्ध होतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात रक्कम आहे, पण ती काढता येत नाही, अशी न भिजवलेल्या धान्याची अवस्था असते.

हीच कृती देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी रूपे घेते. शिजलेल्या भातात पाणी घालून तो रात्रभर ठेवायचा व सकाळी कांदा, मिरची, मीठ वा दही यांसह खायचा, ही रीत ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पांता भात, आसामात पोइता भात आणि तामिळनाडूत पळय सोरु या नावांनी चालते. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला पाणी, मीठ व ऊर्जा एकाच भांड्यातून देणारे हे अन्न आहे. गुजरातचा ढोकळा तांदूळ व डाळीच्या आंबवलेल्या पिठाचा. महाराष्ट्रातील आंबील ज्वारी किंवा नाचणीच्या पिठाची, ताकाची जोड असलेली. उत्तर भारतात हिवाळ्यात काळ्या गाजरांची कांजी मोहरी घालून आंबवतात.

पूर्व हिमालयातील प्रकार याहून वेगळा. सिक्कीम व दार्जिलिंग भागात सोयाबीन शिजवून, ठेचून, पानांत गुंडाळून उबेला ठेवतात. दोन-तीन दिवसांत बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूमुळे त्याला तार येते व उग्र वास सुटतो. हा किनेमा. मणिपूरमधील हवाइजार, नागालँडमधील अखुनी व मेघालयातील तुंगरिम्बाई ही त्याचीच भावंडे. या क्रियेत सोयाबीनमधील प्रथिने आधीच अंशतः विघटित होतात, म्हणून ती पचण्यास सोपी जातात. दूधदुभते जेथे फारसे खाल्ले जात नव्हते, तेथे स्वस्त व उत्तम प्रथिनांची सोय अशा रीतीने झाली.

आता ‘झटपट’ पिठांकडे वळू. तयार मिश्रणात पाणी व सोडा घातला की दहा मिनिटांत ढोकळा फुगतो. जाळी तशीच पडते, रंग तसाच येतो. परंतु ती जाळी सोड्याच्या वायूची असते. जीवाणूंना काम करण्यास अवधीच मिळालेला नसतो, त्यामुळे फायटेट जवळजवळ जिथल्या तिथे राहते. वर सोड्यातून सोडियम पोटात जाते ते वेगळेच. नाव एक, रूप एक. पण गुण हरपलेला. पारंपरिक आहाराचे आज काय होत आहे, याचे हे नेमके चित्र आहे.

भरडधान्यांचे पुनरागमन

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा या धान्यांना केंद्र शासनाने २०१८ मध्ये ‘पोषक धान्ये’ म्हणून अधिसूचित केले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. या गौरवामागे ठोस आकडे आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. १०० ग्रॅम बाजरीत लोह सुमारे ६.४ मिलिग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमहून कमी.

ओडिशा सरकारने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान हाती घेऊन आदिवासी भागांतील नाचणीची लागवड, खरेदी व शिधावाटप यांची सांगड घातली. उत्तराखंडात मंडुआ, कर्नाटकात रागी, ओडिशात मांडिया, तर आपल्याकडे नाचणी वा नागली अशा नावांनी हेच एक धान्य ओळखले जाते.

येथेही कृतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नाचणीतही फायटेट व टॅनिन असतात. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून व दळून जे सत्त्व तयार करतात, त्यात ती अडचण बरीच दूर होते. मोड आलेल्या धान्यात पिष्टाचे विघटन करणारी द्रव्ये तयार होतात, त्यामुळे त्याची खीर कमी पातळ करूनही गिळण्यास सोपी होते आणि बाळाच्या लहानशा पोटात अधिक अन्न जाते. लहान मुलांना नाचणीसत्त्व देण्याची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरते. राजस्थानची राब बाजरीचे पीठ ताकात मुरवून मग शिजवतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि हिवाळी शेंगभाज्यांची मिसळ यांतून लोह, कॅल्शियम, स्निग्धांश व प्रथिने एकाच पानात येतात. याउलट मैदा, साखर व वनस्पती तूप यांत थोडे नाचणीचे पीठ मिसळून केलेले बिस्किट वेष्टनावरील चित्राने नाचणीचे होते, गुणाने नव्हे. वेष्टनावरील घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने लिहिलेली असते. त्या यादीत नाचणी कितव्या क्रमांकावर आहे, हे ग्राहकाने अवश्य पाहावे.

संगतीचा गुण

आता हळदीचे पाहू. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्यानंतर हळदीतील कर्क्युमिन हे जगभर चर्चेचा विषय झाले. अडचण एवढीच की, नुसते कर्क्युमिन शरीरात फारच अल्प शोषले जाते. बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरीन २० मिलिग्रॅम दिले असता कर्क्युमिनचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढल्याचे आढळले. फोडणीत हळद, मिरे व तेल एकत्र येतात, त्यामागील शहाणपण येथे दिसते.

तथापि हिशेब पुरा मांडला पाहिजे. हळदीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के असते. म्हणजे २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी साठ ग्रॅमहून अधिक हळद लागेल. घरच्या आमटीत पडते ती चिमूटभर. म्हणून हळदीचे दूध प्यायल्याने गंभीर आजार बरा होईल, अशी आशा बाळगणे अवास्तव होय. हळद हा आयुष्यभर थोडाथोडा घेण्याचा मसाला आहे.

डाळ-भात हे संगतीचे अधिक भक्कम उदाहरण. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, तांदळात ते तुलनेने अधिक. दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा उंचावतो. वरणभातावर पिळलेल्या लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढविते. जेवणाला लागूनच घेतलेला चहा ते घटविते. मेथीच्या दाण्यांचा मधुमेहींवरील परिणाम राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० च्या दशकापासून अभ्यासला गेला. त्यांतील विद्राव्य तंतूंमुळे जेवणानंतर साखरेचे शोषण मंदावते, असे दिसून आले. केरळात कर्कटक महिन्यातील मेथीची कंजी, राजस्थानातील दाणामेथीची भाजी आणि महाराष्ट्रातील मेथीचे लाडू यांतून हा कडू दाणा ताटात आलाच आहे. अर्थात तूपगुळाचा लाडू मधुमेह्याला चालणार नाही, हेही तितकेच खरे.

परंपरेच्या उणिवा

परंपरेचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकणे उचित नव्हे. हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीतच आयोडीन अपुरे असल्याने तेथील पारंपरिक आहार कितीही सात्त्विक असला तरी गलगंड चुकत नसे. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन शाळकरी मुलांतील गलगंडाचे प्रमाण लक्षणीयरीत्या खाली आणले. आज घरोघरी असलेले आयोडीनयुक्त मीठ हे त्या प्रयोगाचे फलित आहे. मध्य भारतात दुष्काळाच्या काळी गरिबांचा आधार ठरलेली लाखेची डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पाडणारा लॅथिरिझम होतो. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे, डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या अतिरिक्त प्रमाणाशी जोडला.

या तिन्ही उदाहरणांत दोष एकसुरीपणाचा वा मातीतील कमतरतेचा आहे. जेथे ताटात विविधता होती तेथे परंपरा तारक ठरली. जेथे दारिद्र्याने एकाच धान्यावर भागवावे लागले तेथे ती अपुरी पडली. शिवाय लोणची व पापड यांतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने बेतानेच घ्यावे, आणि संपूर्ण शाकाहारी, विशेषतः दूधही न घेणाऱ्या व्यक्तीने ‘ब१२’ जीवनसत्त्वासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे परंपरा सांगत नाही; शास्त्र सांगते.

वेळेचा हिशेब

हे सारे आज जाणून घेण्याची निकड आकड्यांवरून स्पष्ट होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात, उष्मांकांची अधिकता आणि लोहाची टंचाई एकत्र नांदत आहेत. केवळ आहाराने हे दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत, आणि पारंपरिक पदार्थांच्या भरवशावर डॉक्टरांची औषधे बंद करणे तर घातकच ठरेल. मात्र आहाराची दिशा सुधारल्यावाचून नुसत्या औषधांनीही भागणार नाही.

पारंपरिक आहाराला पैसा फारसा लागत नाही, हे खरे. त्याला वेळ लागतो. भिजवणे, मोड आणणे, वाटणे, आंबवणे या कामांचा भार पूर्वी जवळजवळ संपूर्णपणे घरातील स्त्रियांवर होता आणि त्याची मोजदाद कधी झाली नाही. नोकरी, प्रवास व लहान कुटुंब यांत तो वेळ उरला नाही, म्हणून कृती सुटली. त्याचा दोष कोणा एकीवर टाकणे अन्यायाचे होईल. उपाय हा की, काम वाटून घ्यावे आणि थोडक्यात बसवावे. कडधान्य भिजत घालण्यास दोन मिनिटे पुरतात, बाकीचे काम पाणी व रात्र करते. ते घरातील कोणीही करू शकते.

काही गोष्टी सहज जमण्याजोग्या आहेत. आठवड्यातून तीन-चार दिवस गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरी करावी. डाळी-उसळींवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा. इडली-ढोकळ्यासाठी रविवारी एकदाच पीठ आंबवून शीतकपाटात ठेवावे. शिळा भात आंबवायचा तर स्वच्छ भांडे व पिण्याचे पाणी वापरावे आणि दुसऱ्या सकाळीच तो संपवावा. नोकरीनिमित्त दुसऱ्या प्रांतात राहणाऱ्या कुटुंबांनी तेथील शेजाऱ्यांकडून एखादी स्थानिक कृती अवश्य शिकून घ्यावी. प्रत्येक मुलखाने आपल्या हवापाण्याला साजेशी काही ना काही तोड काढलेलीच असते.

या कृती बहुधा कोणत्याही वहीत लिहिलेल्या नाहीत. पीठ किती आंबले की पुरे, मोड किती लांब आले की वाळवायचे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे अशी माणसे अद्याप बऱ्याच घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून ते शिकून घेणे आणि पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. वारसा म्हणून आपण मुलांसाठी ठेवी ठेवतो, दागिने जपतो. त्या यादीत नाचणीला मोड आणण्याची कृतीही असावी.